तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवलेल्या मुली परदेशात जातात, वाईट नाही वाटत?

लग्नात, एसटीत, कुठेही भेटलं की लोक मला हे विचारतात. नर्सिंग शिकवतेय इतकी वर्षं, विचारणारच. वाटतं वाईट, पण मुलगी गेली म्हणून नाही. तिच्या वडलांनी कर्ज काढून फी भरलेली असते आणि इथे तिच्या हातात काय पडतं ते मला माहितीय. २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी बेडचं खासगी हॉस्पिटल असलं तरी नर्सला महिना किमान २० हजार द्या, आणि माझ्या कितीतरी मुली आजही त्याहून कमीत नाईट करतात. वर्गात मी शिकवते की टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, मग त्याच मुलींना वॉर्डात नेते तर ४० पेशंटना दोन सिस्टर, आणि मुली नुसत्या माझ्याकडे बघतात.

मला लागतं ते हे की जाते कोण. कालच पास झालेली सहसा नाही जात, गल्फवाले तर बहुतेक दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे हात बसलेली जाते. आणि नर्सिंग वर्गात अर्धंच शिकवता येतं हो. तान्ह्या बाळाची शीर कशी शोधायची, बीपी ठीक दिसतंय पण पेशंटचा चेहरा बदललाय तेव्हा डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता उठवायचं, हे वॉर्डातली सिस्टर शेजारी उभी राहून शिकवते.

लहान मुलांच्या वॉर्डात अशी एक होती, माझीच विद्यार्थिनी. सहा वर्षं कंत्राटी, दर वेळी ऑर्डर पुढे वाढेल का याची धाकधूक. शेवटी ड्युटी सांभाळून जर्मन शिकली, बी२ ही त्या भाषेची वरच्या पातळीची परीक्षा पास झाली, जर्मनीला गेली. तिकडेही डिग्रीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच राबली. फोनवर सांगते, मॅडम, इथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं सगळं आम्हीच करतो, नातेवाईक नसतात. एकदा म्हणाली, तिथे कायम केलं असतं ना, तर मी नसते आले.

तिच्या जागी आता आठ महिन्यांपूर्वी पास झालेली पोरगी आहे, गुणी आहे, पण तिलाच अजून कोणीतरी शेजारी हवंय. दुपारचं लेक्चर संपलं की मी जाऊन उभी राहते.