साडेचार टनांवरून साडेतीन टनांवर

ब्रिटनमध्ये सत्तरी आली की लायसन्स नव्याने काढावं लागतं, आणि मग दर तीन वर्षांनी. साध्या कारपुरतं असेल तर ऑनलाइन होतं, पैसेही पडत नाहीत. गोम आहे ती 'सी-१' या वर्गात. ज्यांनी १९९७ च्या आधी इथली कारची परीक्षा दिली, त्यांना हा वर्ग आपोआप मिळालेला आहे आणि त्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. सत्तरीला तो गळतो. टिकवायचा तर कागदी अर्ज आणि सोबत डॉक्टरांनी तपासून भरलेला 'डी-४' फॉर्म. आमचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, साडेचार टनांचं, तीन ॲक्सलचं, पावणेनऊ मीटर लांब. त्यामुळे ह्यांची सत्तरी जवळ आली तशी घरात वाढदिवसापेक्षा गाडीचीच चर्चा जास्त.

माझं लायसन्स १९९७ नंतरचं, म्हणजे साडेतीन टनांपर्यंतचं. इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवरून रस्ता सांगितला, चहा दिला, गाडी मागे घेताना खाली उतरून हात हलवले, पण चाक हातात घ्यायची सोय नव्हती. एकदा स्कॉटलंडमधल्या उलापूलला ह्यांना सणकून ताप भरला. उतरेपर्यंत आम्ही तिथेच. मी ठणठणीत, डिझेलची टाकी भरलेली, आणि गाडी जागची हलवता येत नाही! तेव्हापासून लहान गाडीचं माझ्या डोक्यात होतं. ह्यांच्या नव्हतं.

डी-४ मधला डोळ्यांचा भाग चष्मेवाल्याकडूनही भरून घेता येतो, म्हणून आधी तिकडे गेलो. कारसाठी ६/१२ दृष्टी पुरते. सी-१ साठी चांगल्या डोळ्याला ६/७.५ लागते. ह्यांचा आकडा चष्मा लावून ६/९, म्हणजे कमीच पडला. मोतीबिंदूची सुरुवात. ऑपरेशननंतर पुन्हा बघू, असं तिथली तपासणारी मुलगी म्हणाली. हे घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत, आणि चहा घेताना म्हणाले, "अगं, तू म्हणत होतीस त्या लहान गाड्या केवढ्याला पडतात?"

एक मधली वाट होती. काहीजण आहे त्याच गाडीचं कमाल वजन कागदोपत्री साडेतीन टनांवर आणून घेतात. आमची रिकामी गाडी भुईकाट्यावर ३,८४० किलो भरली. विषयच संपला.

विकताना कळलं की आमची अडचण एकट्याची नाही. या वजनाची गाडी घेणाऱ्याकडे सी-१ हवं, ते आपोआप मिळालेली पिढी आता साठी-सत्तरीत, आणि तरुणांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. गिऱ्हाईकच आटत चाललंय. ज्या विक्रेत्याकडे जुनी देऊन नवी घ्यायला गेलो त्याने ओलीचं मीटर सगळीकडे टेकवलं, मागच्या कोपऱ्यात २२ टक्के आकडा दिसल्यावर जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि अशी किंमत सांगितली की ह्यांनी किल्ल्या उचलल्या. पंधराच्या आत असेल तर चिंता नसते, विसाच्या वर गेलं की शोध घ्यावा, हे आम्हालाही ठाऊक होतं. मागच्या दिव्याचं सील गेलेलं निघालं. ते बदललं, कोपरा वाळू दिला आणि दुरुस्तीची पावती दाखवून गाडी परस्पर विकली. घेणारा ॲम्ब्युलन्स चालवतो. त्या कामाला सी-१ लागतंच, त्यामुळे त्याच्याकडे ते होतं. जाहिरातीत मी 'लायसन्स तपासून मगच फोन करा' असं लिहिलं होतं, त्याने बराच मनस्ताप वाचला.

नवी बघायला ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या एनईसीमधल्या मोटरहोमच्या प्रदर्शनात गेलो. फियाट डुकाटो व्हॅनच्या डब्यात बसवलेली, ५.९९ मीटरची गाडी घ्यायची हे ठरलं होतं, प्रश्न पलंगाचा होता. डुकाटो बाहेरून २.०५ मीटर रुंद. आडवा पलंग टाकला की भिंती वजा जाऊन झोपायला एक मीटर ऐंशी-नव्वद उरतात. पाच फूट दहा इंचांचा माणूस त्यात मावतो, पण जेमतेम. माझा सल्ला घ्याल तर प्रदर्शनात लाजू नका, बूट काढून दोघांनी आडवं व्हा आणि आतल्या बाजूच्याला उठून बाहेर येऊन दाखवायला सांगा. सत्तरीतला पुरुष रात्री किती वेळा उठतो हे कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. हे बाहेरच्या बाजूला झोपतात.

खरी कसोटी वजनाची. ३,५०० मधून गाडीचं तयार वजन २,९७५ वजा केलं की ५२५ किलो उरतात. भरपूर वाटतात. पण त्या तयार वजनात ७५ किलोचा चालक आणि डिझेल धरलेलं असतं, शेजारी बसणारा नाही. ऑनिंग (बाहेर ताणायचं कापडी छप्पर), जादा बॅटरी, दोन इलेक्ट्रिक सायकली, टाकीतलं पाणी, सगळं त्या ५२५ मधून. भारतात जाताना बॅगा तोलायचा ताणकाटा माळ्यावरून काढला आणि एकेक डबा त्याला लटकवला. बिडाचा तवा दोन किलो चारशे. दगडी खलबत्ता साडेतीन किलो. पाच लिटरचा कुकर, तीन लिटरचा कुकर, पोळपाट, पुरणयंत्र. (मोटरहोममध्ये पुरणयंत्र कशाला होतं ते विचारू नका. होतं.) तवा गाडीत राहिला, तीन लिटरचा कुकर राहिला, खलबत्त्याऐवजी घरूनच कुटलेलं कूट आलं. ह्यांची हत्यारांची पेटी अकरा किलो भरली तेव्हा मात्र ताणकाटाच चुकतोय असं निघालं.

सामान लावून पुन्हा भुईकाट्यावर गेलो. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या चढतात तशी आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी, मग मागची चाकं. एकूण ३,४१०. एकूण वजन बसलं तरी मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी असते आणि सायकली नेमक्या तिथेच लटकतात, म्हणून तीनही आकड्यांची पावती मागून घ्या.

जागेचं म्हणाल तर चणचण आहेच. संडास आणि शॉवर एकाच कपाटात, अंघोळीला पडदा अंगाला चिकटतो. पावसाच्या दिवसात एकाने उभं राहायचं तर दुसऱ्याने बसायचं. पण मोठ्या गाडीला सिंगल कॅरेजवेवर, म्हणजे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, ताशी ५० मैलांची मर्यादा होती, हिला ६० ची. स्कॉटलंडमधल्या ॲपलक्रॉसकडे जाणाऱ्या ज्या घाटाच्या पायथ्याशी 'फार मोठ्या वाहनांना योग्य नाही' अशी पाटी वाचून आम्ही दरवेळी वळायचो, तो बेलाच ना बा मी स्वतः चढवला. हेअरपिन वळणांना हे शेजारी बसून "अगं हळू, अगं ब्रेक" करत होते.

आता बहुतेक वेळा मीच चालवते. त्यामुळे ह्यांचे ८२ किलो पेलोडमध्ये, म्हणजे त्या ५२५ किलोंत, मोजावे लागतात, आणि हत्यारांची पेटी चार किलोवर आली आहे.