स्मुर्णाकरांस पत्र: आठव्या अध्यायाआधी सात अध्याय आहेत

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, चर्चच्या अभ्यासगटात अंत्युखियाच्या इग्नेशियसचं नाव निघतं ते बहुधा एकाच वाक्यासाठी. स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की जिथं येशू ख्रिस्त, तिथं कॅथलिक चर्च. आज उपलब्ध असलेल्या लिखाणात हे दोन शब्द एकत्र पहिल्यांदा सापडतात ते इथं. मग कॅथलिक लोक ते वाक्य ठसक्यात सांगतात, प्रोटेस्टंट लोक ‘इथं कॅथलिकचा अर्थ फक्त सगळीकडची मिळून एक मंडळी, म्हणजे एक चर्च, असा आहे’ म्हणून दुरुस्ती करतात, आणि चहा येईपर्यंत तेच चालू राहतं. दुरुस्ती बरोबर आहे, पण तिनं काही साधत नाही. ते वाक्य ज्या भांडणातून आलं ते भांडण आधीच्या सात अध्यायांत आहे, आणि ते वाचल्याशिवाय आठव्याला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा इग्नेशियस म्हणजे जेझुइटांचा लोयोलाकर इग्नेशियस नव्हे. त्याचा सण ३१ जुलैला, याचा १७ ऑक्टोबरला, आणि मध्ये चौदाएकशे वर्षं. हा तेव्हाच्या सीरिया प्रांतातल्या अंत्युखियाचा बिशप. चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस त्याचा मृत्यू सम्राट त्रायानच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ९८ ते ११७ या दरम्यान धरतो. काही अभ्यासक तो बराच पुढे नेतात, पण ११० च्या आसपासचा काळ धरून वाचायला हरकत नाही. श्वापदांपुढे टाकण्यासाठी त्याला रोमला नेत होते. सोबत दहा शिपायांचा पहारा होता आणि त्यांना तो ‘दहा बिबटे’ म्हणतो. वाटेत स्मुर्णाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरला, मुक्काम पडला. तिथून त्यानं इफिस, मॅग्नेशिया, ट्रॅलेस आणि रोम इथल्या मंडळ्यांना पत्रं लिहिली. पुढे त्रोवसहून फिलदेल्फियाला, स्मुर्णाला आणि स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला. एकूण सात. तारीख फक्त रोमच्या पत्रात आहे, २४ ऑगस्ट. साल तिथंही नाही. म्हणजे स्मुर्णाचं पत्र लिहिताना तो त्या गावात राहून आलेला होता, माणसं बघून आलेला होता. ऐकीव माहितीवर लिहिलेलं हे पत्र नाही.

वाचायला बसण्याआधी हातातला मजकूर कोणता आहे ते तपासा. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. इग्नेशियसची पत्रं तीन रूपांत आपल्यापर्यंत आली आहेत. मोठ्या रूपात तेरा पत्रं आहेत. त्यातली सात मूळ पत्रांत भर घालून फुगवलेली आणि सहा नवीनच रचलेली. हे काम साधारण चौथ्या शतकातलं मानतात. मधल्या रूपात वर सांगितलेली सातच पत्रं आहेत आणि आज तीच खरी धरली जातात. तिसरं छोटं रूप सीरियाक भाषेतलं, इंग्रज अभ्यासक क्युरटननं १८४५ मध्ये छापलेलं. त्यात फक्त पॉलिकार्प, इफिस आणि रोम ही तीन पत्रं असल्यामुळे स्मुर्णासाठी त्याचा उपयोग नाही.

मधलं रूप सापडलं कसं, ही गोष्ट खरं तर वेगळ्या लेखाची. सोळाव्या शतकात लोकांसमोर मोठं रूपच होतं आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननं ते सरळ झिडकारलं होतं. आर्चबिशप जेम्स अशर याच्या लक्षात आलं की मध्ययुगातले काही इंग्रज लेखक इग्नेशियसची जी अवतरणं देतात ती छापील मजकुराशी जुळत नाहीत, पण पाचव्या शतकातल्या थिओडोरेटच्या अवतरणांशी जुळतात. म्हणजे इंग्लंडात कुठंतरी वेगळ्या मजकुराची लॅटिन प्रत असलीच पाहिजे. त्यानं शोध घेतला, दोन प्रती मिळाल्या, आणि १६४४ मध्ये त्यानं मधलं रूप लॅटिनमधून पुढे आणलं. दोनच वर्षांनी आयझॅक व्हॉसनं फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितावरून ग्रीक मजकूर छापला. पुढे शंका निघतच राहिल्या. १८७३ मध्ये त्सानच्या आणि १८८५ मध्ये लाइटफूटच्या कामानंतर बहुतेक अभ्यासक मधल्या रूपावर स्थिरावले. स्मुर्णाच्या पत्राचा बराचसा भाग बर्लिनमधल्या एका पाचव्या शतकातल्या पपायरसवरही आहे.

याचा तुमच्या मोबाइलशी संबंध असा. फुकट मिळणारं जुनं इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि त्यात दोन्ही रूपं एकाखाली एक किंवा शेजारी-शेजारी छापलेली असतात, ‘शॉर्टर’ आणि ‘लाँगर’ अशा मथळ्यांनी. तुम्हाला हवं ते ‘शॉर्टर’, म्हणजे आपलं मधलं रूप, सीरियाकमधलं छोटं नव्हे. पीडीएफचे तुकडे ग्रुपवर फिरताना मथळे गळून पडतात आणि चौथ्या शतकातल्या ओळी दुसऱ्या शतकाच्या म्हणून वाचल्या जातात. ओळखायची सोपी खूण नवव्या अध्यायात आहे. तिथं देव, बिशप आणि त्यानंतर राजा अशी मानाची उतरंड लावलेली दिसली, तर तुमच्या हातात मोठं रूप आहे. मधल्या रूपात तिथं राजाचा पत्ता नाही. साहजिक आहे, राजाच्या शिपायांनीच तर त्याला साखळीत बांधलेलं होतं.

आता वाचन. पत्र तेरा लहान अध्यायांचं आहे. ठाण्याला वाशीची लोकल पकडून वाचायला घेतलंत तर वाशी यायच्या आत संपतं. पहिल्यांदा न थांबता सलग वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन पहिल्या दोन अध्यायांत ‘खरोखर’ कुठं-कुठं येतं त्याखाली रेघ मारा. ग्रीकमध्ये ते पाच वेळा आहे: खरोखर दाविदाच्या वंशातला, खरोखर कुमारिकेपासून जन्मलेला, पंतय पिलात आणि मांडलिक हेरोद यांच्या वेळी खरोखर खिळलेला, त्यानं खरोखर दुःख सोसलं, आणि खरोखर स्वतःला उठवलं. भाषांतरकार कंटाळून एखादं गाळतात किंवा शब्द बदलतात, म्हणून दोन भाषांतरं जवळ ठेवा. एकच शब्द इतक्यांदा ठोकला जातो तेव्हा पलीकडून कुणीतरी उलटं म्हणतंय हे उघड असतं. काय म्हणतंय ते दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्यानं सांगूनच टाकलंय: ख्रिस्तानं दुःख सोसल्याचा फक्त भास झाला, असं काही अविश्वासी म्हणतात. लगेच टोलाही आहे: भास तर ते स्वतःच आहेत.

तिसऱ्या वाचनात विरोधकांविषयीचा मजकूर तीन रकान्यांत वेगळा करा: ते काय म्हणतात, ते काय करतात, आणि इग्नेशियस त्यांना काय-काय म्हणतो. तिसरा रकाना भराभर भरतो, ‘माणसाच्या रूपातली श्वापदं’ वगैरे. त्यातून विरोधकांविषयी काहीच कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याचा पारा कळतो. हे रकाने न पाडता चित्र उभं करायला गेलं की शिव्यांनाच पुरावा समजलं जातं. शिवाय त्यांची नावं लिहायलाही तो पाचव्या अध्यायात नकार देतो, त्यामुळे पुढच्या काळातली नावं आणून इथं चिकटवायचा मोह होतो.

पहिला रकाना छोटा आहे. दुःख भासमान होतं, आणि ख्रिस्तानं देह धारण केला हे कबूल नाही, एवढंच. दुसरा रकाना खरा मोलाचा. पाचव्या अध्यायानुसार संदेष्टे, मोशेचं नियमशास्त्र, शुभवर्तमान किंवा आपल्यातल्या माणसांची दुःखं, कशानंच त्यांची खात्री पटलेली नाही. याच अध्यायात एक वाक्य आहे ज्यावरून डोळा सहज घसरतो: माझी स्तुती करून कुणी माझ्या प्रभूची निंदा केली तर मला काय उपयोग? म्हणजे ही माणसं इग्नेशियसची स्तुती करत होती! मंडळीबाहेरून दगड मारणारे हे नव्हेत. बिशप गावात आला तेव्हा आदरानं भेटायला आलेले असावेत. सहाव्यात तो म्हणतो की पदामुळे कुणी फुगू नये, त्यावरून एखादा बऱ्यापैकी मानाच्या जागेवर असावा अशीही शक्यता दिसते. ‘आजचे खोटे शिक्षक’ म्हणून रस्त्यापलीकडच्या पंथाकडे बोट दाखवायला हे पत्र वापरणाऱ्यांनी निदान हे वाक्य तरी वगळू नये.

त्यांना असं का वाटत होतं? देवाला वेदना होऊ शकत नाही, हा त्या काळच्या सुशिक्षित माणसाचा गृहीत धरलेला विचार. देव आणि खिळे एका वाक्यात बसवायचे तर खिळे खोटे ठरवणं सोपं. मराठी वाचक इथं पटकन ‘म्हणजे मायावादच की’ म्हणतो, आणि गट तिकडे भरकटतो. ते थांबवावं. मायेच्या विचारात सगळं दृश्य जगच प्रश्नात येतं. यांच्या लेखी जग आणि तुमचं-आमचं शरीर पुरेसं खरं होतं, फक्त ख्रिस्ताचं शरीर तसं नव्हतं.

या मताचे पुढचे प्रकार बिशप आयरेनियसनं साधारण १८० च्या सुमारास नोंदवले. अंत्युखियाचाच सॅटर्निनस म्हणे की तारणारा अजन्मा, अशरीरी, केवळ दिसायला माणूस. बॅसिलिडिस या दुसऱ्या शिक्षकाच्या नावावर आयरेनियस अशी कथा देतो की क्रूसावर कुरेनेकर शिमोन गेला आणि येशू बाजूला उभा राहिला. सन २०० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप सेरापियन याला ऱ्होसस गावच्या मंडळीत ‘पेत्राचं शुभवर्तमान’ हा बायबलात नसलेला ग्रंथ वाचला जातो असं आढळलं. आधी त्यानं परवानगी दिली, आणि वाचून बघितल्यावर आक्षेप घेतला. त्याच ग्रंथाचा मानला जाणारा तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अख्मीमला सापडला. त्यात क्रूसावरचा प्रभू जणू वेदना नसल्यासारखा गप्प राहतो. हे सगळं संदर्भ म्हणून ठीक. स्मुर्णाच्या लोकांच्या तोंडी यातलं काहीही घालू नये.

तिसऱ्या अध्यायात पुनरुत्थानानंतरचा प्रसंग आहे: मला धरा, चाचपा, मी देहाविना भूत नाही हे पाहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायाशी हे जुळतं, पण शब्द तेच नाहीत. कुठून घेतले? जुन्या ख्रिस्ती लेखकांपैकी ओरिजेन म्हणतो पेत्राच्या नावाच्या एका लिखाणातून, जेरोम म्हणतो इब्र्यांच्या शुभवर्तमानातून, आणि युसेबियस सरळ म्हणतो की मला माहीत नाही. तिघांत मला युसेबियस जास्त पटतो.

चौथ्या अध्यायात युक्तिवाद स्वतःच्या साखळीवर येतो. प्रभूनं हे सगळं भासानं केलं असेल तर मीही भासानंच बांधलेला आहे. मग मी स्वतःला मरणाच्या हवाली का केलं? ठाण्याच्या गटात इथं हमखास १३२१ मध्ये याच गावात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन संन्याशांचा विषय निघतो, ज्यांची हकीकत जॉर्डानस या डॉमिनिकन संन्याशाच्या पत्रातून युरोपला कळली. निघू द्या, पण पाच मिनिटांत परत या. इग्नेशियस इथं शौर्य मिरवत नाहीये, तो तर्क लढवतोय. ज्याच्यासाठी मरायचं त्याचं मरण खोटं असेल तर आपलं मरण वाया जातं, एवढाच त्याचा मुद्दा आहे.

आणि आता सहावा-सातवा. माझ्या मते पत्राचा कणा हाच. तो म्हणतो, या लोकांना प्रेमाची पर्वा नाही: विधवेची नाही, अनाथाची नाही, पीडिताची नाही, बांधलेल्याची किंवा सुटलेल्याची नाही, भुकेल्याची किंवा तहानलेल्याची नाही. लगेच सातव्याच्या सुरुवातीला: ते प्रभुभोजनापासून आणि प्रार्थनेपासून दूर राहतात, कारण ते आपल्या तारणाऱ्याचा देह आहे हे त्यांना मान्य नाही. वाचताना हे दोन वेगळे आरोप वाटतात. इग्नेशियसच्या डोक्यात ते एकच आहेत. खिळलेला देह, भाकरीतला देह आणि भुकेल्याचा देह, यातला एक वगळला की बाकीचेही निसटतात. त्या काळी विधवा-अनाथांची मदत मंडळीच्या एकत्र जमण्याशी बांधलेली होती. जमणं सोडलं की मदतही तुटे. विरोधक खरंच इतके निष्ठुर होते का, हे त्यांची बाजू हाती नसताना ठरवता येत नाही. प्रभुभोजनाचा आरोप मात्र नेमका आहे आणि शिवीसारखा नाही, म्हणून तो मी दुसऱ्या रकान्यात ठेवतो.

एवढं झाल्यावर आठवा उघडा. बिशपच्या किंवा त्यानं नेमलेल्याच्या हाताखाली होणारं प्रभुभोजनच ग्राह्य धरावं. त्याच्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, प्रीतिभोजनही, म्हणजे मंडळीचं एकत्र जेवणही, करू नये. सातव्यानंतर लगेच वाचलं की कळतं की ही माणसं बहुधा घरी बसलेली नव्हती. त्यांचं वेगळं जमणं कुठंतरी चालू असावं, आणि कोणतं जमणं खरं हा प्रश्न स्मुर्णाच्या साध्या माणसाला पडलेला असावा. त्याला एक ठळक खूण हवी होती आणि इग्नेशियसनं ती बिशपमध्ये दिली. हा उपाय पुढे किती ताणला गेला ते चौथ्या शतकातल्या त्या फुगवलेल्या नवव्या अध्यायात दिसतंच.

एक प्रश्न खुला ठेवावा लागतो. मॅग्नेशिया आणि फिलदेल्फियाच्या पत्रांत तो यहुदी रीती पाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांशी भांडतो. ते आणि स्मुर्णातले एकच का? लाइटफूटनं एकच मानले, बरेच जण दोन मानतात. स्मुर्णाच्या पत्रात शब्बाथ वा सुंता यांचा उल्लेख नाही, त्यामुळे मी दोन धरतो.

पुढच्या बैठकीसाठी ट्रॅलेसच्या पत्राचे नववा आणि दहावा अध्याय घ्या. साखळीचा तोच तर्क तिथं थोडक्यात आहे. त्याला जोडून योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या सुरुवातीच्या ओळी, आणि पॉलिकार्पनं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय, जिथं योहानाच्या त्याच ओळींचा पडसाद आहे. पॉलिकार्पच्याच तेराव्या अध्यायात तो कळवतो की इग्नेशियसची आमच्याकडे असलेली पत्रं तुम्ही मागितल्याप्रमाणे सोबत पाठवत आहोत. पत्रं टिकली ती अशी, मागणी आल्यामुळे.