अकरा मात्रा

त्या रात्री मी ड्रमरच्या कानातली क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारा यांत्रिक ठोका, बंद केली. तिला न विचारता. ते बरोबर होतं की चूक, हे अजून ठरत नाही, म्हणून लिहितोय.

मी ब्रिस्बेनमध्ये मॉनिटर इंजिनीयर आहे. प्रेक्षकांचा आवाज दुसरा माणूस सांभाळतो. कलाकारांना स्टेजवर स्वतःचं आणि एकमेकांचं जे ऐकू येतं, ते माझ्याकडे. मे महिन्यात इथल्याच वेस्ट एंड भागातल्या एका लहान हॉलमध्ये 'द गो-बिटवीन्स'च्या गाण्यांचा कार्यक्रम होता.

बँड याच शहरातला. रॉबर्ट फोर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या दोन विद्यापीठातल्या मित्रांनी 1977 मध्ये सुरू केलेला. पुढे लिंडी मॉरिसन ड्रम्सवर आली, मंडळी लंडनला गेली, ऐंशीच्या दशकात सहा अल्बम निघाले. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण मोठं हिट गाणं काही झालं नाही. 1989 मध्ये बँड मोडला, 2000 मध्ये दोघांनी पुन्हा उभा केला, आणि 6 मे 2006 ला मॅक्लेनन गेला, अवघ्या 48 व्या वर्षी. आज ब्रिस्बेन नदीवरच्या एका पुलाला बँडचं नाव आहे. आपली कितीतरी मंडळी टोल भरून त्यावरून जातात आणि नाव कुठून आलं ते विचारत नाहीत. मला याचं वाईट वाटतं.

गोची झाली ती 'कॅटल अँड केन'ला. मॅक्लेननने हे गाणं लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हच्या गिटारवर रचलं. विषय मात्र क्वीन्सलंडमधलं बालपण, उसाच्या शेतांतून घरी येणारा शाळकरी मुलगा. कडवं चालतं अकरा मात्रांत: पाच, दोन, चार. आयोजकांनी पडद्यावरची छायाचित्रं संगणकाला बांधली होती, म्हणून सगळ्यांच्या कानात क्लिक हवी होती. चित्रांसाठी गाण्याला असं वेठीला धरणं मला मुळीच पटत नाही.

त्यात क्लिक कुणीतरी नेहमीच्या चारच्या हिशोबाने लावलेली. दर चौथ्या ठोक्याला टिपेचा 'टिंग'. अकराच्या आवर्तनात तो दर वेळी वेगळ्या मात्रेवर पडतो आणि चार आवर्तनं झाल्यावरच पुन्हा समेवर येतो. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, बावीस वर्षांची ड्रमर तीनदा तालातून घसरली. मॅनेजर तिच्यावरच चिडला! मी टिंग काढून सगळे ठोके सारखे केले, स्टेजवर गेलो आणि टाळ्या देत पाच-दोन-चार मोजून दाखवलं. मिरजेला तबला शिकताना सरांनी अकरा मात्रांचा रुद्र ताल महिनाभर नुसता हातावर धरायला लावला होता. तेव्हा कंटाळलो होतो. या मुलीला तो दहा मिनिटांत कळला, आणि ती इतकं सुंदर वाजवू लागली की बेसवाला हसायलाच लागला.

रात्री शेवटच्या कडव्यात गायकाचा गळा दाटला. तो थांबला आणि दोन मात्रा उशिरा उठला. बेसवाला त्याच्याबरोबर गेला, ड्रमर क्लिकबरोबर राहिली. दोन मात्रांची फट. माझ्या हेडफोनमध्ये ती भिंतीला तडा जावा तशी ऐकू येत होती. क्लिक गायकाची वाट बघणार नव्हती. टॉकबॅकवर, म्हणजे थेट तिच्या कानात पोचणाऱ्या माइकवर, बोलावं तर तिच्या कानात आणखी एक आवाज. मी क्लिक म्यूट केली.

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर विसरता येत नाही. पूर्ण एक आवर्तन ड्रम्सशिवाय गेलं, फक्त बेस, गिटार आणि तो गळा. मग ती बेसवाल्याकडे वळली आणि नेमकी समेवर आली. पडद्यावर पुलाचं चित्र मात्र दोन मात्रा आधीच उमटलं होतं.

लोक उभे राहिले. ती आत येऊन मला म्हणाली, "तू मला अंधारात सोडलंस." मी सॉरी म्हणालो, मनापासून. तिचं खरं होतं. कानातला आवाज हा वादकाचा आधार असतो आणि तो न सांगता काढून घ्यायचा नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवतो. पण दुसरं काय करायला हवं होतं? तिला साउंडचेकलाच सांगायला हवं होतं, की क्लिक गेली तर बेसकडे बघ. एवढं एक वाक्य. ते मी बोललो नाही.

आता तोच कार्यक्रम दुसऱ्या गावात आहे. ड्रमर तीच. मॅनेजरला लेखी हमी हवी आहे, की मी क्लिकला हात लावणार नाही. तिचाही मेसेज आलाय: साउंडचेकच्या तासभर आधी ये, क्लिकशिवाय मोजून बघू. तिला लगेच हो कळवलं. मॅनेजरचा ईमेल अजून तसाच आहे.