पर्लच्या अलर्ट मेलमधली नको असलेली रिकामी ओळ

सर्व्हरची डिस्क भरत आली की मेल पाठवणारी, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट आमच्याकडे आधीच्या कंत्राटदाराकडून आली. मेल वेळेवर यायचा, पण सर्व्हरच्या नावाच्या जागी ‘$होस्ट’ हीच अक्षरे छापलेली असत, आणि असा इशारा रात्रपाळीच्या माणसाच्या काडीच्याही उपयोगाचा नसतो. हिअरडॉकच्या (कोडमध्येच अनेक ओळींचा मजकूर लिहिण्याच्या सोयीच्या) खुणेभोवती एकेरी अवतरणचिन्हे होती, आणि त्यांच्या आत पर्ल व्हेरिएबलची किंमत भरत नाही. ती दुहेरी करताच काम झाले.

खरा मनस्ताप पुढे झाला. तेच नाव विषयाच्या ओळीतही घातले आणि मेलमधला मराठी मजकूर वाचता येईनासा झाला. सगळ्यांचा संशय यूटीएफ-८ वर, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीवर गेला. एन्कोड मॉड्यूल आणि बिनमोड ही पर्लची अक्षरे हाताळणारी साधने, मेल वाचण्याचे प्रोग्राम, सगळे पालथे घातले, पण फरक शून्य. शेवटी मेलचा मूळ कच्चा मजकूर उघडला तेव्हा ‘सब्जेक्ट’च्या खाली एक रिकामी ओळ आणि तिच्याखाली ‘कंटेंट-टाइप’ दिसले. होस्टनेम ही कमांड बॅकटिक्समधून (उलट्या अवतरणचिन्हांतून) चालवली की उत्तराच्या शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपवणारे चिन्हही येते. तिला विषयाच्या ओळीची स्वतःची न्यूलाइन जोडली गेली, आणि मेलच्या नियमानुसार पहिल्या रिकाम्या ओळीपाशी हेडर, म्हणजे मेलविषयीच्या माहितीच्या ओळी, संपतात. त्यामुळे कॅरेक्टर सेट सांगणारे हेडरच मजकुरात जाऊन पडले होते. ‘टू’ची ओळ वर असल्यामुळे मेल पोचत राहिला, ती खाली असती, तर मेल पाठवणाऱ्या सेंडमेल प्रोग्रामने पत्ता सापडत नसल्याची तक्रार करून दोष तेव्हाच उघड केला असता. उपाय मात्र शेवटची न्यूलाइन काढणाऱ्या ‘चॉम्प’ या एका शब्दाचा होता, आणि याचा मला आजही राग येतो.

बाहेरून येणारे कोणतेही मूल्य हेडरमध्ये घालण्यापूर्वी त्यातली प्रत्येक न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्न (ओळ संपवणारे दुसरे चिन्ह) काढाच, कारण त्याच वाटेने कोणी परकी हेडरही घुसवू शकतो. विषयात देवनागरी असेल तर ती ओळ एन्कोड मॉड्यूलच्या ‘माइम-हेडर’ने वेगळी एन्कोड करावी लागते. दुहेरी अवतरणात ईमेल पत्ता लिहिताना ‘@’च्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर पर्ल पुढचा शब्द अ‍ॅरे (मूल्यांची यादी) समजते, ‘यूज स्ट्रिक्ट’ हा कडक तपासणीचा आदेश असेल तर ते स्क्रिप्ट चालूच देत नाही, आणि ते चांगलेच आहे. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवताना सेंडमेलचा पूर्ण पाथ लिहा, कारण तिथली प्रोग्राम शोधण्याच्या जागांची यादी तुमच्या टर्मिनलसारखी नसते.