जिल्हा पुरस्काराची फाईल आणि आमची काजूची पाकळी

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, सिंधुदुर्गात, 2018 ला सुरू केला. बी उकडणं, फोडणं, ड्रायरला लावणं, सोलणं, मग ग्रेडिंग. वर्षाला साधारण 9 टन गर निघतो. जिल्हा उद्योग केंद्राचा जिल्हा पुरस्कार असतो लघुउद्योगांसाठी, पहिला 15 हजार, दुसरा 10 हजार, शाल, श्रीफळ, ट्रॉफी. रक्कम काय मोठी नाही, पण बँकेत, गिऱ्हाईकाकडे त्या कागदाला वजन असतं म्हणून मी 2022 ला अर्ज केला. नंबर आला नाही. 2023 ला परत केला तेव्हा दुसरा आला. मधल्या वर्षात कारखान्यात काही म्हणजे काही बदललं नव्हतं, तेच ड्रायर त्याच बायका, बदलली ती फक्त फाईल, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिली फाईल भाच्याने करून दिली होती. कलर प्रिंट, स्पायरल बायंडिंग, 42 पानं! पहिल्या पानावर 'आमच्याविषयी', त्यात नावीन्यपूर्ण, दर्जेदार, महिला सक्षमीकरण, झालंच तर जागतिक बाजारपेठ (आमचा माल जातो गोवा आणि कोल्हापूरला). मग उद्घाटनाचे फोटो, फीत कापताना, नारळ फोडताना, ह्यांचा हार घातलेला फोटो. मला तर जाम आवडली होती फाईल, घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवली मी ती.

निकाल लागल्यावर मी जरा घुश्शातच ऑफिसात गेले. तिथे एका साहेबांनी शांतपणे बसवून घेतलं आणि विचारायला लागले, वर्षाला बी किती फोडता? मी म्हटलं 35 टनापर्यंत. कामाला माणसं किती? सांगितलं. सुरू केलं तेव्हापासून आतापर्यंत कामात फरक काय पडला? तर मी दहा मिनिटं बोलले असेन, पाकळी, म्हणजे सोलताना मोडलेला गर, कशी कमी झाली, वादळात काय झालं वगैरे. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली, म्हणाले मॅडम हे यात कुठल्या पानावर आहे दाखवा. कुठल्याच पानावर नव्हतं.

पाकळीचं सांगते, कारण दुसऱ्या वेळी सगळी फाईल त्यावरच उभी राहिली. काजूत अख्ख्या गराला भाव. मोडला की तो पाकळी नाहीतर तुकड्यात जातो, आणि आमच्याकडे तेव्हा अख्खा 320 नंबर (अख्ख्या गराची एक प्रत) आणि तुकडा यात किलोमागे दीडशे-दोनशे रुपयांचा फरक होता. पहिल्या वर्षी 100 किलो गरात 34 किलो मोडका निघायचा. मला वाटायचं बायका घाई करतात. आमच्याकडे एक काकी आहेत, आयुष्यभर काजू सोलत आलेल्या, त्या एक दिवस मला म्हणाल्या, "गो बाय, ड्रायरातसून काढलंस काय लगेच सोलूक देतंस, सुके कडकडीत गर ते, मोडतले नाय तर काय? रातभर तसोच ठेव, मगे बघ." ठेवून बघितलं. ड्रायरमधून काढलेला गर खूप ठिसूळ असतो, रात्रभर हवेतला थोडा ओलावा घेतला की साल सुटते आणि गर शाबूत राहतो. नंतर आम्ही त्यासाठी एक वेगळी खोलीच केली, रॅक लावले, दमट हवा राहील असं बघितलं. 2022 ला मोडका माल 21 टक्क्यांवर आला होता. 13 टक्के वाचले म्हणजे 9 टनात 1170 किलो, दीडशे रुपये फरक धरला तरी पावणेदोन लाख वर्षाला. हा हिशोब मी आयुष्यात पहिल्यांदा केला तो पुरस्काराच्या अर्जासाठी, आणि हेच पहिल्या फाईलमध्ये एका ओळीनेही नव्हतं कारण मला वाटलं ह्यात काय सांगायचं, रॅकवर गर ठेवतो एवढंच तर आहे.

आता पुरावा. ग्रेडिंगची वही रोजची आहे आमच्याकडे, डाग पडलेली, काही पानं माझ्या सासूच्या अक्षरात. भाचा म्हणाला टाईप करून घेऊया. मी नको म्हटलं, 2019 चं एक पान आणि 2022 चं एक पान झेरॉक्स काढून तसंच लावलं, एप्रिल महिन्याचंच दोन्हीकडे, म्हणजे कोणी म्हणायला नको की सोयीची पानं निवडली.

आकड्यांचा घोळ वेगळाच. पहिल्या वेळी मी उलाढाल 64 लाख लिहिली होती आणि सोबत जोडलेल्या ताळेबंदात 60.95 लाख. खोटं नव्हतं हो, मी बिलांची बेरीज केली होती, त्यात 5 टक्के जीएसटी धरलेला. पण वाचणाऱ्याला काय दिसणार, की बाईंनी तीन लाख फुगवले. रोजगाराचंही तेच, 'सुमारे 20 महिलांना रोजगार' असं ठोकून दिलं होतं, मस्टरवर सह्या आठच जणींच्या. बाकीच्या सात सीझनला किलोवर सोलायला माल घरी नेतात. 15 च्या 20 कशा झाल्या मला पण माहीत नाही. दुसऱ्या वेळी सरळ लिहिलं, मस्टरवर 8, घरून सोलणाऱ्या 7, सात जणींच्या मजुरीची वही जोडपत्र 6.

अट अशी की नोंदणी तीन वर्षांची हवी, सलग दोन वर्ष उत्पादन चालू हवं, बँकेचे थकबाकीदार नसावं. यात माझं एक अडलं होतं, उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून आली आणि मी ती आळसाने 2021 मध्ये केली, त्याआधीच्या नोंदणीचं, म्हणजे उद्योग आधारचं, प्रिंट कुठे ठेवलंय ते सापडेना. शेवटी पीठाच्या डब्यामागच्या पिशवीत मिळालं. बँकेचा दाखला मात्र आधीच मागून ठेवा, मला तिसऱ्या खेपेला मिळाला.

अडचणींबद्दल लिहावं की नाही यावर घरात भांडण झालं. ह्यांचं म्हणणं बक्षिसाच्या अर्जात रडगाणं कशाला. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या गावात आठ दिवस वीज नव्हती, गोदामाचे पत्रे उडाले आणि सहा क्विंटल बी भिजून काळी पडली. मी लिहिलं, नुकसान किती, मग काय केलं तेही, म्हणजे बी जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर रचायला लागलो आणि वीज नसली तरी चालावा म्हणून टरफलावर पेटणारा छोटा ड्रायर करून घेतला. तपासणीला आले तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्या ड्रायरपाशी घालवला.

तपासणीच्या दिवशी मी साडी नेसून सगळं पाठ करून तयार, आणि त्यांनी रॅकच्या खोलीत थेट काकींनाच विचारलं हे कशासाठी. काकींनी मालवणीत जे काय सुरू केलं ते थांबेचनात. मी मध्ये बोलायला गेले तर मलाच म्हणाल्या, "तू गप रव गो जरा."

दुसरी फाईल 11 पानांची होती, अधिक जोडपत्रं. फीत कापतानाचा फोटो नव्हता, ह्यांना ते अजून लागलेलं आहे. शाल मी काकींना दिली. त्यांनी घडी उलटसुलट करून बघितली आणि पैशे किती गावले विचारलं, दहा हजार म्हटल्यावर म्हणाल्या, "इतक्या कागदांक?"

परवा वाडीतल्या एक वहिनी आल्या होत्या, कोकम आगळ करतात, त्यांना ह्या वर्षी अर्ज करायचाय. फाईल आणली होती, पहिलं पान 'आमच्याविषयी'. ते काढून बाजूला ठेवलं आणि म्हटलं वहिनी मस्टर कुठाय. घरी असेल म्हणाल्या, बघते.