टाकी भरली की येणारा वास

माझ्या आलिशान गाडीत मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येऊ लागला, तोही नेमका टाकी काठोकाठ भरल्यावर. टाकी अर्धी झाली की वास नाहीसा व्हायचा. खरे तर एवढ्यावरच निदान व्हायला हवे होते, कारण टाकीच्या माथ्यावर बसवलेल्या पंपाचे रबरी सील कडक होऊन तडकले, तर इंधन वरच्या पातळीला आल्यावरच पाझरते. सर्व्हिस सेंटरने मात्र अख्खी टाकी बदलण्याचे अंदाजपत्रक हातात ठेवले. अशा अनेक गाड्यांची टाकी प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्यावर) खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरलेली असते. ती खाली काढायची तर आधी एक्झॉस्ट आणि शाफ्ट उतरवावे लागतात आणि बिलात मजुरीचाच आकडा फुगतो. मी मागची सीट उचलून तिच्याखालचे, पंपावरचे झाकण उघडण्याचा आग्रह धरला, तेव्हा सीलभोवती धूळ चिकटलेले ओलसर कडे स्पष्ट दिसले. सील आणि पंप जागी घट्ट धरणारी लॉक रिंग बदलून काम भागले. टाकीलाच तडा असता, तर एपॉक्सीच्या (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाच्या) लेपावर मी विसंबलो नसतो. प्लास्टिकच्या टाकीवर तो नीट धरत नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवली नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटू शकते.