सर्व्हिस प्रोसेसर बदलला आणि सर्व्हर म्हणतो, चॅसी ओळखीची नाही

सर्व्हिस प्रोसेसर म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारा छोटा वेगळा संगणक, एका कार्डावर बसलेला. चॅसी म्हणजे सर्व्हरचा डबा. हे कार्ड बदलल्यावर सर्व्हर सुरू झाला नाही की सगळ्यांचा संशय नव्या कार्डावर जातो. मग कार्ड काढा, पुन्हा बसवा, कनेक्टर पुसा, शेवटी पुरवठादाराला फोन करून भांडा. कार्ड बहुतेक वेळा चांगलंच असतं. त्याचं फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) आणि मदरबोर्डवरचं फर्मवेअर एका पिढीचं नसतं, एवढंच.

मे महिन्यात हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच झालं. त्यांच्याकडे ऑरॅकलचा स्पार्क टी४-१ सर्व्हर आहे. रॅकमध्ये दोन यू उंचीचा डबा, एक प्रोसेसर, ८ कोर, ६४ थ्रेड. टी४ मालिका २०११ची, म्हणजे म्हातारी, पण त्यावर स्टोअरचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर चालतं आणि ते हलवायची कोणाची हिंमत नाही. खोलीतला एसी बंद पडला होता, म्हणून कोणीतरी खिडकीत डेझर्ट कुलर लावून दिला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलर म्हणजे देव, हे मला मान्य आहे. पण सर्व्हरच्या खोलीत तो नको. ओली हवा आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा खार, दोन्ही सरळ मशीनच्या पंख्यात जातात. कार्ड कुलरमुळेच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कनेक्टरच्या कडेला पांढरट थर होता. कुलर मी आधी बंद करायला लावला, स्क्रू ड्रायव्हर नंतर काढला.

बदली कार्ड रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेलं, आलं. हे कार्ड स्टँडबाय वीजेवर चालतं, सर्व्हर बंद असला तरी जागं असतं, त्यामुळे दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. बसवायला काही वेळ लागत नाही. केबल परत जोडल्या, कार्डावरचं आयलॉम, म्हणजे त्याचं देखरेखीचं सॉफ्टवेअर, सुरू झालं आणि तिथेच थांबलं.

तिथला पोरगा हुशार आहे. सिरियल केबल त्यानंच आधी लावून ठेवली होती. स्क्रीन बघून म्हणाला, "सर, कार्ड गलत आलं वाटते. चॅसीच ओळखून नाही राह्यलं. वापस करून टाकू का?"

त्याचा दोष नाही. संदेशच तसा आहे. हे मॉड्यूल अनोळखी किंवा सपोर्ट नसलेल्या चॅसीत बसवलं आहे, असं आधी येतं, आणि या चॅसीला चालेल असं नवं फर्मवेअर टाका, हे त्याच्या मागून. पहिला भाग वाचला की माणूस कार्ड खोक्यात भरायला लागतो. शिवाय हा संदेश फक्त सिरियल मॅनेजमेंट पोर्टवर येतो. नेटवर्कनं जोडून बघत बसलात तर नुसतं मुकाट मशीन दिसेल. म्हणून सिरियल केबल पहिल्यापासून लावायची: स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. यूएसबीवरून सिरियल करणारा कन्व्हर्टर चांगल्यातला घ्या. नागपुरात बर्डीच्या बाजारात स्वस्तातले ढिगानं मिळतात आणि ऐन वेळी कचरा अक्षरं दाखवतात.

आता आतलं कारण. या मशीनच्या फर्मवेअरचे दोन भाग असतात. सर्व्हिस प्रोसेसरचा भाग, म्हणजे आयलॉम, कार्डावर राहतो. होस्टचा, म्हणजे मुख्य सर्व्हरचा भाग मदरबोर्डवर: डोमेन वाटून देणारा हायपरवायझर, सर्व्हर बूट करणारं ओपनबूट आणि चालू होताना तपासणी करणारं पोस्ट. निर्माता दोन्ही एकाच सिस्टीम फर्मवेअर पॅकेजमध्ये देतो, कारण ते एकमेकांशी जुळवूनच तपासलेले असतात. टी४ साठी हे पॅकेज ८ क्रमांकाच्या मालिकेतलं. तुम्ही कार्ड बदललं की पॅकेजचा अर्धा भाग बदलला. नव्या कार्डावर कारखान्यातून किंवा आधीच्या मालकाकडून जे आलं ते, आणि बोर्डवर तुमच्याकडे शेवटच्या अपडेटला टाकलेलं ते. न जुळणाऱ्या जोडीवर सर्व्हर चालू करण्यापेक्षा कार्ड आपणहून थांबतं. शहाणपणाच आहे तो.

त्यामुळे आयलॉमला मागे ओढून होस्टशी जुळवायचं की होस्टला पुढे न्यायचं, यावर मी फार वाद घालत नाही. पूर्ण पॅकेज चढवायचं; ते दोन्ही भाग एकदम लिहितं. आवृत्ती मात्र होस्टवर आधी होती तीच, किंवा तिच्या पुढची. मागे गेलात तर वरच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचं आणि लॉजिकल डोमेनच्या (एकाच सर्व्हरमध्ये केलेल्या आभासी सर्व्हरच्या) मॅनेजरचं काय म्हणणं पडेल ते बघत बसावं लागतं. आधीची आवृत्ती कळणार कशी? मशीन जिवंत असताना आयलॉममध्ये होस्टची माहिती मागितली की सिस्टीम फर्मवेअर, ओपनबूट, हायपरवायझर सगळ्यांचे आकडे एका जागी दिसतात. या कारखान्यात ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण जुन्या अपडेटची पॅकेज फाइल एका पेनड्राइव्हवर निघाली. पेनड्राइव्हवर ‘लग्नाचे फोटो’ अशी चिठ्ठी होती. फोटोही होतेच.

पॅकेज टीएफटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं, चढवलं. नेट मॅनेजमेंट पोर्टला आयपी द्यायचा, तो पेंडिंग म्हणून लिहिला जातो आणि कमिट केल्याशिवाय लागू होत नाही. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर, मध्ये साधी पॅच केबल. फाइल सापडत नाही असं आलं तर आधी लॅपटॉपची फायरवॉल बघा. टीएफटीपीचा यूडीपी पोर्ट ६९ तिथे बंद असतो. आयलॉममधला व्हर्च्युअल की-स्विच (सॉफ्टवेअरमधलं कुलूप) लॉक्डवर असेल तर अपडेट होत नाही, तो नॉर्मलवर हवा. होस्ट बंद हवा, तो तर होताच. लोड करताना सध्याचं कॉन्फिगरेशन जपायचं का, असा प्रश्न येतो. स्वतःचं कार्ड असेल तर हो म्हणावं. रिफर्बिश्ड कार्डावर मी नाही म्हणतो. आधीच्या मालकाचे यूजर आणि नेटवर्क मला कशाला हवेत? स्क्रीनवर सहा मिनिटं सांगतात. त्या वेळात वीज जायला नको, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी बघून घेतली. सर्व्हिस प्रोसेसर स्वतः रीसेट झाला, फॉल्ट यादी रिकामी आली, घड्याळ लावलं आणि होस्ट चालू केला. चॅसी ओळखीची झाली.

पोरगं खूश. साहेब खाली येऊन म्हणाले, "झालं ना भाऊ? मंग पगाराचं चालू करून देऊ?"

नाही. खरी गंमत इथे असते आणि बहुतेक लोक इथेच आपटतात. लॉजिकल डोमेनची कॉन्फिगरेशन सर्व्हिस प्रोसेसरवर साठवलेली असतात. जुनं कार्ड गेलं, तीही त्याच्यासोबत गेली. यादी मागितली तर एकटं फॅक्टरी डिफॉल्ट दिसतं: सगळे सीपीयू, सगळी मेमरी बाकीचे डोमेन सांभाळणाऱ्या कंट्रोल डोमेनकडे आणि कामाचं सॉफ्टवेअर चालवणारे गेस्ट डोमेन गायब. बघणाऱ्याला वाटतं डेटा उडाला. साहेबांचा चेहरा तसाच झाला होता. डिस्कवरचा डेटा जागच्या जागी असतो. कोणत्या डोमेनला काय द्यायचं, हा कागद तेवढा हरवलेला असतो.

त्याची प्रत कंट्रोल डोमेनच्या डिस्कवर ऑटोसेव्ह फोल्डरमध्ये असते. आधी ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करून घेतलं, मगच बाकीचं. मग त्यातून कॉन्फिगरेशन परत सर्व्हिस प्रोसेसरवर लिहिलं. त्यानंतर नुसतं रीबूट पुरत नाही. कंट्रोल डोमेन नीट बंद करून होस्टची पॉवर पूर्ण बंद करायची आणि पुन्हा चालू करायची, तेव्हा कुठे ते लागू होतं. गेस्ट एकेक करून वर आले, पगाराचं डोमेन सगळ्यात शेवटी.

निघताना आयलॉमच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप एक्सएमएल फाइलमध्ये काढला, पासफ्रेज देऊन, नाहीतर त्यात पासवर्ड येत नाहीत. डोमेनच्या व्याख्याही एक्सएमएलमध्ये काढल्या आणि दोन्ही फाइली दुसऱ्या मशीनवर ठेवल्या. फर्मवेअरच्या आवृत्त्या पोरानं रॅकच्या दाराला आतून चिकटवल्या. कुलरवाल्या खिडकीत आता प्लाय ठोकला आहे. एसीचा माणूस अजून यायचा आहे.